गाडीतला अबोला

जून लागला की माझ्याकडे गाडीआधी गाडीचा कागद येतो. म्हणजे फोनवर फोटो येतो. गाडीतले बिघाड वाचणाऱ्या कुठल्या तरी स्कॅनरच्या पडद्यावर लाल अक्षरांत बिघाडाच्या कोडांच्या पाच-सहा ओळी, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात 'यू'ने. यू०१००, यू०१२१, यू०१४०, यू०१५५. फोटोखाली प्रश्न ठरलेला : "मेस्ता, किती खर्च येईल?"

फोंड्याला कुर्टीच्या बाजूला माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते मूळ वडिलांचं. त्यांची निम्मी हयात खाणीच्या टिप्परांचे सेल्फ उघडण्यात आणि डायनॅमो भरण्यात गेली. त्या गाड्यांत वायरी मोजक्या, आणि कुठली वायर कुठे जाते ते वडिलांना अंधारातही सांगता यायचं. २०१२ला खाणी बंद पडल्या, टिप्पर अंगणात गंजत पडले. त्यानंतर दुकानात येत गेल्या त्या टॅक्सी, रेंटच्या गाड्या आणि घरोघरच्या मोटारी. यांच्यात इंजिनाचा कॉम्प्युटर (आम्ही त्याला मॉड्यूल म्हणतो) वेगळा, ब्रेकचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, आणि दारं-दिवे-वायपर सांभाळणारा आणखी एक. ही सगळी मंडळी चोवीस तास नाही तरी चावी फिरवल्यापासून एकमेकांशी अखंड बोलत असतात. माझं पावसाळ्यातलं निम्मं काम म्हणजे त्यांच्यातलं बोलणं कुठे तुटलं ते शोधणं.

बिघाडाच्या कोडांची चार कुळं आहेत. 'पी' इंजिन-गिअरचा, 'बी' बॉडीचा, 'सी' चॅसीचा आणि 'यू' या आपसातल्या जाळ्याचा. पहिल्या तीन कुळांतला कोड बहुधा आपल्याच हद्दीतल्या वस्तूबद्दल बोलतो : अमुक सेन्सर, अमुक वॉल्व्ह. 'यू'ची गोष्ट उलटी आहे. यू०१२१ म्हणजे 'ब्रेकच्या एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला.' पण हे लिहून ठेवतं कोण? एबीएस नव्हे. तो बोलतच नाहीये. लिहितात बाकीचे, ज्यांनी त्याची वाट पाहिली. म्हणून ज्या मॉड्यूलमध्ये यू कोड सापडतो, तो मॉड्यूल बहुतेक वेळा ठणठणीत असतो. एवढी एक गोष्ट नीट न कळल्यामुळे गोव्यात दर पावसाळ्यात किती चांगले मॉड्यूल भंगारात जातात त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, ते बरंच आहे.

या बोलण्याच्या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने १९८३च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं आणि १९८६ साली डेट्रॉइटला अभियंत्यांच्या परिषदेत ती जगापुढे मांडली. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीत ती आली १९९१च्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. त्याआधी एका सेन्सरची माहिती तीन ठिकाणी हवी असेल तर तीन वायरी ओढाव्या लागत. हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, मनगटाएवढे जाड व्हायला लागले, तेव्हा हा उपाय निघाला : दोनच वायरी, एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि सगळ्यांनी त्यांच्यावरच बोलायचं. एक 'हाय', दुसरी 'लो'. कोणी बोलत नसताना दोन्हीवर साधारण अडीच व्होल्ट. बोलताना हाय साडेतीनपर्यंत चढते, लो दीडपर्यंत उतरते. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा वाचतो. बाहेरून कॉइलचा, मोटरचा कसलाही खरखराट आला तरी पिळामुळे तो दोघींवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. म्हणून जोड देताना तो पिळ परत घालायचा असतो. टेप गुंडाळून दोन वायरी समांतर सोडून देणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी संध्याकाळी सात वाजता पावसात कोण घालत बसतो!

दोघं एकाच वेळी बोलायला लागले तर काय, याचा बंदोबस्त मला फार आवडतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. क्रमांक जितका लहान तितका मान मोठा. एकदम सुरुवात झाली की मोठ्या क्रमांकाचा आपणहून थांबतो, आणि लहान क्रमांकवाल्याच्या संदेशाला धक्काही लागत नाही. ज्याला आपल्या बोलण्यात सारख्या चुका होताहेत असं आढळतं तो स्वतःच्या चुका मोजतो. चूक झाली की मोजणी आठाने वाढते, संदेश सुरळीत गेला की एकाने कमी होते, आणि ती २५५च्या पुढे गेली की तो स्वतःलाच जाळ्यातून बाहेर काढतो. बाकीच्यांना बोलता यावं म्हणून. मग बाकीचे लिहून ठेवतात : संपर्क तुटला.

आता यातलं निदान कसं करायचं, हे दुकानात शिकायला आलेल्या पोरांना मी पोदेराच्या नावाने सांगतो. सकाळी सायकलचा भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, दारावरून जातो. एके दिवशी भोंपू ऐकू आला नाही. आपण म्हणतो, पोदेर आला नाही. पण शक्यता तीन आहेत. पोदेरच आजारी आहे. पोदेर निघाला, पण वाटेत साकव वाहून गेलाय. किंवा पोदेर येऊन गेला आणि आपल्याच स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. यातलं खरं कुठलं, ते शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या चारही घरांत पाव पोचलेत आणि तुमच्याकडेच नाहीत, तर खोट तुमच्या कानात. वाड्यावर कोणाकडेच नाहीत, तर पोदेराच्या घरी जाऊन बघा. साकवापलीकडच्यांना मिळाले आणि अलीकडच्यांना नाहीत, तर साकव बघा. स्कॅनर हातात आला की पोरं आधी कोड पुसायला धावतात. मी म्हणतो, पुसू नका. आधी कागदावर दोन रकाने पाडा. कोण तक्रार करतोय, कोणाबद्दल करतोय. अर्धं निदान त्या कागदावरच होतं.

गेल्या खेपेला चोडणचे एक निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले. चालता चालता मध्येच स्पीडचा काटा शून्यावर पडायचा, डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये दिव्यांची दिवाळी, स्टिअरिंग हाताला वेगळंच लागायचं. गाडी थांबवून चावी फिरवली की सगळं जागच्या जागी. एका ठिकाणी स्कॅन करून आणलं होतं आणि तिथे त्यांना सांगितलं होतं, की पाणी गेलंय, तीन मॉड्यूल तरी बदलावे लागतील.

"तीन गेलेत म्हणे," सर म्हणाले. "घराचं छप्पर केलं त्याला एवढा खर्च आला नव्हता."

मी कागद बघितला. इंजिनात यू०१२१, स्टिअरिंगमध्ये यू०१२१, मीटरमध्ये यू०१२१.

"सर, तीन गेलेले नाहीत. तिघं मिळून चौथ्याचं नाव घेताहेत."

सर हसले. "वर्गात असंच व्हायचं. पण नाव घेतलेला दर वेळी दोषी नसायचा हं."

तेच खरं होतं. एबीएसचं नाव आलं म्हणून एबीएस बदला, हीही तेवढीच घाई. मॉड्यूल बोलत नसला तर आधी बघायचं त्याला जेवण मिळतंय का : बॅटरीचा पुरवठा आणि अर्थ, म्हणजे करंटची बॉडीतून परत जायची वाट. आणि इथेच मल्टीमीटर माणसाला फसवतो. एबीएसच्या कपलरमध्ये, म्हणजे त्याच्या वायरींच्या जोडणीत, मल्टीमीटर लावला तर १२.४ व्होल्ट, अगदी छान. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतले सगळे तार तुटून एकच केसाएवढा शिल्लक असला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणारच. माझ्या खणात एक जुना एच४ हेडलाइट बल्ब आहे, दोन वायरी सोल्डर करून ठेवलेला. ५५ वॅटचा बल्ब म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास ओढ. तो कपलरच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनेत लावला. लावतानाही पिनेच्या मापाचीच जोडणी वापरायची. जाड टोक कोंबलं की पिन सैल होते आणि आपणच नवा बिघाड पेरून ठेवतो.

बल्ब लागला, पण पिवळा, मरगळलेला. आता बल्ब पेटता ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरं कपलरच्या अर्थ पिनेला. तिथे दोन दशांश व्होल्टच्या आत आकडा असायला हवा. होता तीनच्या वर. म्हणजे बारातले तीन व्होल्ट बल्बला न मिळता परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. बल्बच्या ओढीला ही गत, तर एबीएसचा पंप फिरतो तेव्हा काय होत असेल? पुष्कळ गाड्यांत गाडी निघून जराशी वेगात आली की एबीएस आपला पंप क्षणभर फिरवून बघतो. नेमक्या त्या क्षणी मॉड्यूलचा अर्थ वर उचलला जात होता, मॉड्यूलची शुद्ध हरपत होती, आणि बाकीचे तिघं इमानदारीत लिहून ठेवत होते, संपर्क तुटला.

अर्थचा बोल्ट पुढच्या डाव्या चाकाच्या वरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या लायनिंगमागे होता. लायनिंग काढलं तेव्हा मूठभर वाळकी माती पडली. बोल्टाला दहाचा पाना लावला तर सहज सुटला, जरा जास्तच सहज. त्याच्याखाली गोल टर्मिनल, आणि टर्मिनलच्या गळ्याशी, जिथे वायर चिमटलेली असते तिथे, हिरवट-पांढरी भुकटी. बोटाने चोळली तर खालचं तांबं दिसेना. वायर बोटभर सोलली, आत काळी. आणखी बोटभर कापली, तरी काळी. खारं पाणी तारांच्या मधल्या फटीतून प्लॅस्टिकच्या आतल्या आत वर चढत जातं, बाहेरून वायर नवी कोरी दिसते. वीतभर कापल्यावर लख्ख तांबं लागलं. तिथून नवा तुकडा, सोल्डर, आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी, नवं टर्मिनल, बॉडीचा पत्रा घासून उघडा केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. बल्ब परत लावला तेव्हा सरांनी डोळ्यांवर हात धरला.

चोडण हे बेट, म्हणजे फेरीबोट आलीच. रायबंदरला यायचं तर मांडवी ओलांडायची. भरतीच्या वेळी रॅम्पवर चढता-उतरताना चाकं पाण्यातून जातात, आणि उन्हाळ्यात तिथली मांडवी खारी असते. पण सरांचा प्रश्न रास्त होता : "उन्हाळाभर गाडी नीट होती. पावसात तर नदी गोडी होते. मग आत्ताच का?" त्याचं उत्तर मिठात आहे. आपलं साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळायला लागतं. बरणीतलं मीठ जूनमध्ये पाझरतं ते त्यामुळेच. मार्च-एप्रिलमध्ये चाकाच्या वर, कपलरच्या खाचेत वाळून बसलेला क्षार गप्प असतो. कोरडं मीठ वीज वाहत नाही, तांब्यालाही फारसं खात नाही. पहिल्या पावसाबरोबर हवा दमट झाली की तो पाझरतो आणि खायला सुरुवात करतो. गाडी पाण्यात घालावीच लागत नाही. शेडमध्ये उभ्या गाडीतही हे घडतं, गोव्याची हवा तेवढी सोय करते.

म्हणून किनाऱ्यावरच्या गाड्यांचं निदान करताना मी आधी गाडी कुठे राहते ते विचारतो आणि मग किती चालली ते. किनाऱ्यावरच्या मोरजीची टॅक्सी आणि आतल्या वाळपईची टॅक्सी एकाच वर्षाची, एकाच कंपनीची असली तरी त्यांचे रोग वेगळे. रेंटच्या गाड्यांचं तर विचारूच नका. काळी पाटी, पिवळी अक्षरं, आणि पुळणीवर गाडी घालायला बंदी आहे हे ठाऊक असूनही लाटेपर्यंत नेणारे पाहुणे. गाडी वाळूतून ओढून काढली की वरून धुतात, खालून कोणी धूत नाही. मालकाला दोन महिन्यांनी कळतं, तेव्हा पाहुणा आपल्या गावी फोटो बघत असतो.

अशाच एका गाडीत सगळं जाळंच आडवं झालं होतं. "मेस्ता, चालूच जायना," एवढंच मालकाचं निदान, आणि ते अचूक होतं. स्कॅनरला इंजिन उत्तर देईना, एबीएस देईना, कोणीच देईना. अशा वेळी माझं काम सोपं होतं, कारण सगळेच गप्प म्हणजे दोष बहुधा सगळ्यांच्या सामाईक वायरीत, किंवा त्यांच्यातला कोणीतरी एकटा ती वायर दाबून धरून बसलाय. बॅटरी सोडवायची, थोडं थांबायचं, आणि डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या कपलरमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजायचा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. दोघं समांतर म्हणजे ६०. साठ आले की मुख्य वाट शाबूत. एकशेवीस आले की एक टोक कुठेतरी तुटलंय. शून्याच्या जवळ आले की दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. कुठल्या गाडीत ही टोकं कुठे असतात ते मात्र बघून घ्यावं लागतं, आणि काही गाड्यांत ती कपलरची वाट थेट जाळ्यात न जाता मधल्या गेटवेपाशी, म्हणजे संदेश पुढे पाठवणाऱ्या मॉड्यूलपाशीच थांबते. तिथे या आकड्यावर विसंबणारा माणूस संध्याकाळपर्यंत भलतीकडेच शोधत बसतो.

त्या गाडीत आकडा आला चार-पाच ओहम. मग मीटर तसाच लावून ठेवायचा, आणि एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचा. इंजिनाचा काढला, फरक नाही. एबीएसचा, नाही. स्टिअरिंगचा, नाही. मग हार्नेसचा मधला जोड सोडवला आणि आकडा उडी मारून वर गेला. खालच्या बाजूने जाणाऱ्या तुकड्यात, टेपच्या आत, दोन वायरींवर एकेक हिरवा फोड आला होता. फोड चाकूच्या टोकाने फोडला तर मधोमध सुईएवढं भोक. पूर्वी कोणी तरी टेस्ट लॅम्पची सुई वायरीत टोचून बघितली होती आणि भोक तसंच सोडलं होतं. एवढीशी फट खाऱ्या पाण्याला पुरते. तेव्हापासून दुकानात सुई असलेला टेस्ट लॅम्प मी ठेवत नाही. पोरं कुरकुरतात, कपलरच्या मागून पिन घालून बघायला वेळ लागतो म्हणून. लागू दे.

उंदरांबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. पावसात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि बॉनेटखाली ती तयार असते, एवढंच.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नवा मॉड्यूल बसवला तर गिऱ्हाईक बिनतक्रार पैसे मोजतं, कारण हातात खोका असतो. दिवसभर खपून वीतभर वायर बदलली तर बिल बघून विचारतं, "एका वायरीचे एवढे?" वायरीचे नाहीतच ते. ती वायर सोडून बाकीच्या वायरी नीट आहेत हे ठरवल्याचे आहेत. पण हे सांगायला गेलो की भाषण वाटतं, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो, शोधायचे इतके आणि सापडल्यावर दुरुस्तीचे तितके. काही माणसं परत जातात. त्यांतली काही जुन्या बाजारातून वापरलेला मॉड्यूल आणतात आणि तो बसवून द्या म्हणतात. पुष्कळ मॉड्यूल आपल्या मूळ गाडीशी कोडने बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीत बसवले तर ओळखच देत नाहीत, इमोबिलायझर गाडी सुरू होऊ देत नाही, आणि आधी एक बिघाड होता तिथे दोन होतात.

खरा कस लागतो तो येत-जात असणाऱ्या बिघाडाला. दुकानात गाडी सुतासारखी सरळ, फर्मागुढीचा चढ लागला की मीटर अंधार. अशा वेळी हार्नेस हलवून बघा, पाण्याचा फवारा मारा, गरम हवा सोडा, आणि सोबत व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर नजर ठेवा. हाय वर उठते तेव्हा लो खाली उतरते, दोघी एकमेकींच्या नेमक्या उलट. त्यातली एखादी क्षणभर अडखळली तरी दिसते. स्कॅनरला ते दिसत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की अमक्याची ठरल्या वेळात वाट पाहिली आणि तो आला नाही.

आत्ता दुकानात अशीच एक छोटी गाडी उभी आहे. यू०१५५, डॅशबोर्डवरच्या मीटरशी संपर्क तुटतो, तोही पावसाळी सकाळीच. दुपारी ऊन पडलं की सगळं ठीक. साठ ओहम बरोबर आहेत, मीटरचा पुरवठा आणि अर्थ बल्बाखाली बरोबर आहे. मालकाला विचारलं, गाडी कुठे लावता? फणसाखाली. काचेखालची जाळी उघडली तर पाणी जायची वाट पानांनी बुजलेली, आणि डाव्या बाजूच्या कार्पेटवर हात दाबला तर बोटांमधून पाणी आलं. त्याच कार्पेटखालून मीटरकडे जाणारा हार्नेस जातो.

मालकाने विचारलं, "मग उद्या मिळेल ना गाडी?"

"उद्या सीट आणि कार्पेट निघेल. गाडी कधी मिळेल ते खाली काय सापडतं त्यावर. आणि हो, जाताना दुसरी चावी पण देऊन जा."